आमचे 639 दिवस कोणत्या वहीत मांडलेत?

प्रति,
ठाणे जिल्ह्यातल्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी, आणि त्यांना जाब विचारायला आम्ही निवडून दिलेले लोकप्रतिनिधी यांस,

कोपरखैरणे, 12 नोव्हेंबर 2025

स. न. वि. वि.

परवा सोमवारी आम्ही नवरा-बायको तुमच्या अखत्यारीतल्या एका रुग्णालयात गेलो होतो. हाडांच्या ओपीडीच्या दारावर सेलोटेपनं एक कागद लावला होता. सांधेरोपणाची जुनी प्रतीक्षा यादी रद्द करण्यात आली आहे, यापुढे नोंदणी संगणकावर होईल, तरी संबंधित रुग्णांनी नव्याने नाव नोंदवावे, असा मजकूर. खाली सही नव्हती. शिक्का होता, तोही अर्धा कागदावर आणि अर्धा दारावर.

खिडकीवर विचारलं, आमचं नाव फेब्रुवारी 2024 मधलं आहे, ते पुढं धरणार ना? आतल्या मुलानं मान वर न करता सांगितलं, "काका, आता सगळ्यांचं पहिल्यापासून."

त्या 'पहिल्यापासून'साठी हे पत्र लिहायला बसलो आहे.

रुग्णालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांवर, सिस्टरांवर माझा राग नाही. दुपारी तीनला डबा उघडणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. शिवाय हीच कथा वेगवेगळ्या रुग्णालयांच्या बाकांवर मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की एकट्याचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील.

आधी मी कोण ते सांगतो. मी निवृत्त माथाडी. 1976 साली पाटण तालुक्यातून मुंबईला आलो आणि मशीद बंदरला पाठीवर गोणी घेतली. तेव्हा गोणी शंभर किलोची असायची. 1981 मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला, तेव्हा बाजाराच्या मागोमाग मीही खाडी ओलांडली. शेवटची 16 वर्षं टोळीचा मुकादम होतो. गाडी लागली की गोण्या मोजायच्या, वहीत मांडायच्या आणि वाराईचा, म्हणजे हमालीचा, हिशेब संध्याकाळी टोळीला वाचून दाखवायचा. एका गोणीचा फरक आला तरी घरी जायची सोय नसे. त्यामुळे मोजायची आणि लिहून ठेवायची खोड लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही. या पत्रातल्या तारखा त्या वहीतल्याच आहेत.

गुडघे माझे नव्हे, बायकोचे गेले आहेत. लोकांना नवल वाटतं. गोण्या मी वाहिल्या आणि वाट्या हिच्या कशा झिजल्या? तर ही 22 वर्षं त्याच बाजारात कांदे निवडायला जायची. सकाळी सहा ते दुपारी दोन उकिडवं बसून नासका कांदा बाजूला काढायचा. घरी येऊन पुन्हा फरशीवर बसून धुणं, भांडी, भाकरी. ओझं डोक्यावरून उतरतं तरी, उकिडवं बसण्यातलं ओझं उतरत नाही, असं आमच्या शेजारची फिजिओथेरपिस्ट मुलगी सांगते. तिचं शिक्षण त्यातलंच, म्हणून मी मान्य केलं.

आता वही.

12 फेब्रुवारी 2024, सोमवार. उभं करून दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात जी फट दिसायला पाहिजे, ती आतल्या बाजूला उरलीच नव्हती. "ग्रेड फोर," डॉक्टर म्हणाले, "हाडावर हाड घासतंय. दोन्ही बदलावे लागतील, आधी डावा." पुठ्ठ्याच्या लांब रजिस्टरात नाव, वय आणि फोन नंबर लिहून घेतला. मी पावती मागितली. सिस्टर म्हणाल्या, फोन येईल.

जून 2024. फोन आला. तपासण्या झाल्या, तारीख मिळाली, आणि आदल्या दिवशी पुन्हा फोन आला की तिच्या मापाचा कृत्रिम सांधा आलेला नाही.

24 सप्टेंबर 2024. आदल्या दिवशी भरती केलं. रात्रीपासून उपाशी. सकाळी हिरवा गाऊन घालून, हातातल्या बांगड्या काढून माझ्याकडे देऊन ती स्ट्रेचरवर पडून राहिली. मंगळसूत्र काढताना जरा अडली, मग काढलं. दीड वाजता सांगितलं की ठाणे-बेलापूर रस्त्यावर अपघात झालाय, विशीतला पोरगा आहे, त्याच्या पायाचं आधी करावं लागेल. आम्ही हो म्हणालो. कोण नाही म्हणेल? तीन वाजता तिनं चहा-बिस्कीट खाल्लं आणि संध्याकाळी आम्ही घरी आलो.

मार्च 2025. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, तारीख रद्द. याबद्दल पुढं लिहितो, कारण यात तुमचाही वाटा आहे.

ऑगस्ट 2025, गणपतीच्या आधीचा आठवडा. भूलतज्ज्ञांना दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं होतं. ते परत आले की कळवू म्हणाले. दरम्यान गणपती आले आणि गेलेही.

10 नोव्हेंबर 2025. दारावरचा कागद.

आज 639 दिवस झाले. कांद्याची गाडी दोन दिवस जास्त उभी राहिली की खालच्या थरातला माल नासतो. मग व्यापारी, गाडीवाला, आडत्या यांची जुंपते आणि नुकसान कोणी सोसायचं ते भांडून का होईना पण ठरतं. एक बाई 639 दिवस पडून राहिली तर तिचं काय नासलं आणि ते कोणी सोसायचं, यावर भांडायलाही कोणी नाही.

म्हणून काय नासलं ते मीच मांडतो. तुमच्या कागदपत्रांत याला रकाना नाही, हे मला माहीत आहे.

आमचं सिडकोचं बैठं घर. इथं बहुतेकांनी केलं तसं आम्हीही त्यावर मजला चढवला. खालची खोली शिवणकामवाल्याला भाड्यानं दिली आहे, त्या भाड्यावर घर चालतं, आणि आम्ही वर राहतो. जिना लोखंडी, अरुंद, 14 पायऱ्यांचा. फेब्रुवारी 2024 मध्ये ती कठडा धरून उतरायची. त्या वर्षीच्या दिवाळीपासून उलटी उतरते, शिडीवरून उतरतात तशी, तोंड जिन्याकडे करून. मी दोन पायऱ्या खाली उभा राहतो. 14 पायऱ्यांना सहा-सात मिनिटं लागतात. त्यामुळे ती उतरतच नाही. शेवटची भाजी आणायला ती कधी गेली होती, ते तिलाही आठवत नाही.

वरचा संडास साध्या भांड्याचा होता. बसलं की उठता येईना, म्हणून गवंडी बोलावून कमोड बसवला. जागा इतकी लहान की कमोड बसल्यावर दार लागेना. शेवटी दार काढून पडदा लावला. जावई घरी आले की ती दिवसभर पाणी पीत नाही. रात्री मला उठवावं लागू नये म्हणून संध्याकाळी सातनंतरही पीत नाही. मार्चमध्ये लघवीत संसर्ग निघाला तो यातून. आणि संसर्ग अंगात असताना कृत्रिम सांधा बसवता येत नाही, जंतू सांध्यात गेले तर सगळं काढावं लागतं, हे डॉक्टरांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. फक्त साखळी बघा. गुडघा बदलत नाही म्हणून ती पाणी पीत नाही, पाणी पीत नाही म्हणून संसर्ग होतो, आणि संसर्ग झाला म्हणून गुडघा बदलत नाही. कागदावर मात्र 'रुग्णाच्या कारणामुळे रद्द' असं लिहिलं. मी वाचलं ते.

पाय वाकले आहेत. दोन्ही टाचा जुळवून उभी राहिली की गुडघ्यांमध्ये सुरुवातीला माझी दोन बोटं मावायची, आता चार मावतात. शेजारच्या मुलीनं मांडीचा घेर टेपनं मोजायला शिकवलं. डावी मांडी 44 सेंटिमीटर होती, ती 41 झाली. दुखतं म्हणून पाय वापरायचा नाही, वापरला नाही की मांडीचे स्नायू वाळतात, स्नायू वाळले की गुडघ्याला आधार राहत नाही आणि तो आणखी दुखतो. तीच मुलगी सांगते की ऑपरेशननंतर माणूस चालतो तो नुसत्या नव्या सांध्यावर नाही, मांडीच्या जोरावर. जो जितका खचून टेबलावर जातो, तो नंतर तितकाच कमी सावरतो. आणि पाय फार वाकला की ऑपरेशनही अवघड होतं, कधी कधी साधा सांधा पुरत नाही, वेगळा आणि महाग बसवावा लागतो. थांबवून तुम्ही पैसेही वाचवत नाही, एवढं तरी लक्षात घ्या.

वेदनाशामक गोळ्या दीड वर्ष घेतल्या, सकाळी एक आणि रात्री एक. मे महिन्यात क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. बरोबरच केलं, मूत्रपिंड जाण्यापेक्षा दुखणं बरं. आता पॅरासिटामॉल, शेकायची पिशवी आणि मलम. घरात कायम त्या मलमाचा वास असतो, नातवंडं त्याला आजीचा वास म्हणतात.

वजन 61 वरून 70 वर गेलं. साखर काठावर होती, ती काठ ओलांडून आत आली. प्रत्येक वेळी प्रत्येक डॉक्टर सांगतो, "आजी, वजन कमी करा, रोज चालत जा." एकदा ती त्यांना म्हणाली, "चालता आलं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?" बाकावरचे सगळे हसले. डॉक्टरही हसले. मग पुढचा नंबर पुकारला.

माझंही थोडं सांगतो. निवृत्तीनंतर एका सोसायटीत रात्रीची वॉचमनकी करत होतो. सप्टेंबर 2024 मध्ये ती मोरीत घसरली. हाड मोडलं नाही, पण दोन तास तशीच पडून होती, कारण हाक ऐकायला घरात कोणी नव्हतं. मी नोकरी सोडली. एका माणसाच्या गुडघ्यानं दोन माणसं घरात बसवली. हा आकडाही तुमच्याकडे नसेल.

आणि एक गोष्ट, जी टेपनं मोजता येत नाही असं मला वाटायचं. गावची यात्रा चैत्रात असते. पालखी दारात आली की सुनांनी ओटी भरायची. दोन वर्षं ती गेली नाही. हळदीकुंकवाची बोलावणी आली की, "खाली बसता येत नाही, खुर्चीवर बसले की सगळ्या माझ्याकडंच बघतात," म्हणून टाळते. जूनमध्ये एकदा रात्री दोन वाजता जाग आली तर ती पलंगावर बसून होती. म्हणाली, "अहो, असं जगण्यापरीस उचललं तर बरं." मी काही बोललो नाही. काय बोलणार?

हे मी शेजारच्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, काका, याचंही मोजमाप आहे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरच्या डॉक्टरांनी सांधे बदलण्याची वाट पाहणाऱ्या रुग्णांना ठरलेले पाच प्रश्न विचारले: चालता येतं का, स्वतःचं आवरता येतं का, रोजची कामं होतात का, दुखणं किती, मन किती चिंतेत. त्या उत्तरांची बेरीज करायची एक पद्धत आहे आणि त्यात शून्य म्हणजे मरण. 2019 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात खुब्यासाठी थांबलेल्यांपैकी 19 टक्के आणि गुडघ्यासाठी थांबलेल्यांपैकी 12 टक्के लोक शून्याच्याही खाली निघाले. मरणापेक्षा वाईट. ऑपरेशन झाल्यावर त्यातले बहुतेक वर आले. म्हणजे आमची बाई रात्री दोन वाजता जे बोलली ते वेडं नव्हतं, त्याला आकडा आहे. फक्त तो इथं कोणी काढलेला नाही.

तुमच्या भाषेत अशा ऑपरेशनला 'कोल्ड केस' म्हणतात. ओपीडीत दोन शिकाऊ डॉक्टर बोलत होते, तेव्हा कानावर पडलं. अपघात आला, हाड मोडलं तर ती गरम केस, तिला आधी घ्यायचं. गुडघे, खुबे थंड, ते थांबू शकतात. रात्रभर जिच्या गुडघ्याची आग होते, तिच्या केसचं नाव कोल्ड. असो, शब्द तुमचा आहे. माझं म्हणणं एवढंच की थांबू शकतं आणि थांबल्यानं काही बिघडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पैशाचं कारण सांगू नका. निदान आम्हाला तरी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखांवरून 5 लाखांवर नेण्याचा आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजनेत घेण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं जून 2023 मध्ये घेतला. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्यांना केंद्राचं वेगळं वय वंदना कार्डही मिळतंय. हिला सत्तरीला अजून सहा वर्षं आहेत. या वेगानं तेही कार्ड हातात पडेल. आमचं रेशनकार्ड, आधार, सगळं जुळतं. योजनेची कागदपत्रं बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावरून आम्ही एकदाही परत आलो नाही. मंजुरी दोनदा आली आणि तारीख हुकली म्हणून दोनदा पुन्हा घ्यावी लागली. तेव्हा पैसा आहे. ऑपरेशनचं टेबल नाही, भूलतज्ज्ञ नाही, वेळेवर सांधा नाही, आणि हे नाही हे सांगायला माणूस नाही.

सांध्याच्या किमतीचंही तसंच. 2000 साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलला, तेव्हा बाजारात आम्ही पेपर वाचून हसलो होतो की बैलाला नवी नाल ठोकतात तसं माणसालाही करतात. तेव्हा ते श्रीमंताचं काम होतं. पुढं 16 ऑगस्ट 2017 ला केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा सरासरी 1,58,324 रुपयांना विकला जायचा, तो 54,720 रुपये अधिक कर इतक्यावर आला. चांगलं झालं. पण खासगीत चौकशी केली तर दोन्ही गुडघ्यांचे साडेचार लाख सांगितले. सांधा स्वस्त झाला आणि त्याच्याभोवतीचं सगळं महाग झालं. माझा फंड आणि ग्रॅच्युइटी घराच्या मजल्यात आणि मुलीच्या लग्नात गेली. शेजारी म्हणतात खालची खोली विका. विकली तर भाडं जाईल, मग खायचं काय?

मुलगा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. त्यानं शोधून सांगितलं की ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरनं पुढं पाठवल्यापासून 18 आठवड्यांत उपचार सुरू व्हावा असा नियम आहे. कॅनडात सांधे बदलायला 26 आठवड्यांची मर्यादा ठरवलेली आहे. मी म्हटलं, पाळतात का? तो म्हणाला, नाही, तिथंही बोंब आहे. ब्रिटनमध्ये तर गेली कित्येक वर्षं तो नियम पाळला गेलेला नाही. पण किती लोक थांबले आणि किती आठवडे थांबले, हे तिथं दर महिन्याला जाहीर होतं. त्या आकड्यावरून सरकारला धारेवर धरतात. मला त्यांचा हेवा 18 आठवड्यांचा वाटला नाही, जाहीर होण्याचा वाटला.

आणि परदेश कशाला? आपल्याकडे 2015 पासून महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा, उशीर झाला तर अपील कुठं करायचं, दंड कोणाला, हे त्यात आहे. कार्यालयात फलक लावलेले असतात. जन्माच्या दाखल्याला मुदत आहे, मृत्यूच्या दाखल्याला मुदत आहे. मधल्या काळात गुडघा गेला तर त्याला मुदत नाही.

आता तक्रारी एका जागी मांडतो, म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या कागदाची. संगणक आणला, उत्तम. पण जुनं रजिस्टर आणि नवा संगणक यांच्यामध्ये आमचे 639 दिवस सांडले, ते कोणी उचलायचे? रजिस्टर जळालं नाही, हरवलं नाही, त्याच खोलीत कपाटावर ठेवलंय, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यातल्या नोंदी तारखेसकट संगणकात चढवायला एका माणसाला चार दिवस लागतील. मी फुकट बसून देतो, मला वहीचं वाचन येतं.

दुसरी तक्रार अशी की रुग्णाच्या हातात पुरावाच नसतो. ना पावती, ना नंबर. आमच्या पुढं किती आहेत हे विचारलं की, "बरेच आहेत," हे उत्तर. आमच्यानंतर नाव लिहिलेल्या दोघांचं ऑपरेशन झाल्याचं मी पाहिलं. त्यांचे पाय जास्त खराब असतील, तर माझी हरकत नाही. पण तसं असेल तर सांगा. सांगितलं नाही की माणूस वशिल्याचा विचार करतो, आणि मग नगरसेवकाच्या कार्यालयात चिठ्ठीसाठी रांग लागते. मीही गेलो होतो. चिठ्ठी मिळाली, उपयोग झाला नाही, आणि गेल्याची लाज अजून वाटते.

तिसरी, तपासण्यांची. तारीख पक्की नसताना रक्त, छातीचा फोटो, हृदयाची तपासणी करायला लावायची, मग तारीख गेली की त्या जुन्या झाल्या म्हणून पुन्हा. प्रत्येक खेपेला 14 पायऱ्या, रिक्षा, कोपरखैरणे स्टेशन, ठाण्याचा दहा नंबर फलाट आणि तिथून पुढचा पूल. सरकता जिना चालू असला तर तो दिवस चांगला. अशा खेपा मी 31 मोजल्या आहेत. त्यातल्या किती फक्त "परत या" ऐकायला होत्या, तेही वहीत आहे. 17.

चौथी थोडक्यात. या 21 महिन्यांत तिला तुमच्याकडून कोणी व्यायाम शिकवला नाही, वजनासाठी आहार सांगितला नाही, की बरी आहे ना म्हणून एक फोन केला नाही. नाव लिहिलं म्हणजे तुमचं काम तात्पुरतं संपलं, आणि आमचं तिथून सुरू झालं.

मागण्या काय आहेत, त्याही सांगतो. यातली एकही अशी नाही की ज्यासाठी नवी इमारत लागेल.

तो कागद काढा. जुन्या यादीतली प्रत्येक नोंद मूळ तारखेसह नव्या यादीत घ्या, आणि घेतल्याचा संदेश त्या माणसाच्या फोनवर पाठवा.

नाव नोंदवताच तारीख आणि नंबर असलेली पावती द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओपीडीच्या दारावर यादी लावा. नावं नकोत, नुसते नंबर: कोणत्या तारखेपर्यंतची ऑपरेशनं झाली, किती बाकी, कोणाला पुढं घेतलं आणि कोणत्या कारणानं.

आठवड्यातला एक दिवस आणि एक टेबल सांधे बदलण्यासाठी राखून ठेवा. अपघात येणारच, हा ठाणे-बेलापूर रस्ता आहे. पण आमच्या दिवशी अपघातासाठी टेबल घेतलं, तर पुढची तारीख त्याच दिवशी, घरी पाठवण्याआधी, लेखी द्या. भूलतज्ज्ञाची बदली किंवा प्रतिनियुक्ती करताना त्याच्या दिवसावर कोणाची ऑपरेशनं लागली आहेत ते आधी बघा. सांधा हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका, आणि तारीख पक्की झाल्याशिवाय तपासण्या सांगू नका.

थांबलेल्या माणसाला तीन महिन्यांतून एकदा बोलावून तपासा. मांडीचे व्यायाम शिकवा, गोळ्या किती चालल्यात ते बघा, साखर बघा. ज्याचं झपाट्यानं बिघडतंय त्याला वर घ्या, भले तो आमच्या मागचा असो.

सहा महिन्यांत जमत नसेल तर तसं लिहून द्या आणि योजनेत असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात तुम्हीच नाव पाठवा. आणि लोकप्रतिनिधींना विनंती, ही मुदत लोकसेवा हक्काच्या यादीत बसवता येते का ते विधानसभेत विचारा. दाखल्याला जमतं तर याला का नाही, एवढाच प्रश्न.

या पत्राची प्रत मी रुग्णालयाच्या आवक विभागात देऊन शिक्का घेणार आहे. पुढच्या सोमवारी, 17 तारखेला, सकाळी साडेआठला आम्ही त्याच दारासमोर असू. ती खुर्चीवर आणि मी वही घेऊन. ज्यांची नावं जुन्या रजिस्टरात होती त्यांनी आपली तारीख आठवत असेल तर येऊन सांगावी, मी लिहून घेईन. घोषणा नाहीत, आरडाओरड नाही. पेशंटना त्रास होईल असं काही करणार नाही.

कळावे,
एक निवृत्त मुकादम, कोपरखैरणे

ता. क. पत्र घरी वाचून दाखवलं. बाकी सगळं ऐकून घेतलं, आणि तिनं एकच गोष्ट घालायला सांगितली. 24 सप्टेंबर 2024 ला दुपारी दीड वाजता तिच्या टेबलावर ज्या पोराला घेतलं, त्याचा पाय राहिला का, तो चालतो का, एवढं तिला कळवा. तिनं तेव्हाच सिस्टरांना विचारलं होतं, पण सिस्टर घाईत होत्या.